माणूस आणि चाक यांच्यामधला पत्रा

हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारला ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि जीपगाड्या दुरुस्त करणारी वेल्डिंगची दुकानं आहेत. या दुकानांबद्दल माझं मत कित्येक वर्षं वाईट होतं. तिथला माणूस चांगल्या वस्तूची वाट लावतो, असं मला मनापासून वाटायचं. कंपनीच्या इंजिनिअरांनी हिशेब करून गाडी बाहेर काढायची, आणि इथं कुणीतरी काळा चष्मा चढवून तिचा पत्रा कटरनं उडवायचा, मोठं टायर कोंबायचं, दोन टाके मारायचे आणि पैसे खिशात घालायचे. मोठ्या टायरसाठी मडगार्ड कापलेली गाडी दिसली की माझ्या कपाळाला आठी पडायची.

या रागात काहीच तथ्य नव्हतं असं नाही. परभणी-हिंगोली रस्त्यावर अशा गाड्या अधूनमधून दिसतात. जुनी जीप असेल नाहीतर नवी थार, हौसेनं रुंद टायर घातलेलं असतं आणि चाक पत्र्याच्या बाहेर आलेलं असतं. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर खडे आणि चिखल उडतो. अशा गाड्यांना पाटे किंवा स्प्रिंगा असतात, त्यामुळं चाक एका जागी राहत नाही. गाडी खड्ड्यात आदळली की चाक वर येतं, आणि त्याच वेळी स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असेल तर टायरचा खांदा पत्र्याला घासतो. मग पत्रा कापतात. कापलेली धार तशीच सोडली तर पुढच्या खड्ड्यात ती टायरच चिरते. हे सगळं मी वाचलेलं होतं आणि काही अंशी पाहिलेलंही होतं.

कायदाही मला पाठ होता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, कंपनीनं ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हीच गोष्ट ठासून सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. मी शिक्षक होतो. नियम सांगायची सवय हाडात मुरलेली. चहाच्या टपरीवर विषय निघाला की मी कलमासकट बोलायचो आणि लोक ऐकून घ्यायचे. ते ऐकून घेतात म्हणजे त्यांना पटतं, असं मी समजत होतो.

आज त्या रागाकडं बघताना त्यात आणखी काय होतं ते मला दिसतं, आणि ते लिहायला जड जातं. ज्याचे हात ग्रीसनं काळे झालेत, ज्याच्या बाहीला ठिणग्यांनी भोकं पडलीत, त्याला हिशेब येत नाही असं मी धरून चाललो होतो. वर्गात श्रमप्रतिष्ठेवर मी मुलांकडून निबंध लिहून घेतले. त्या दुकानात उभं राहून एक काम पहिल्यापासून शेवटपर्यंत मात्र कधी पाहिलं नव्हतं. मी ज्या कामाला नावं ठेवत होतो, ते मला ठाऊकच नव्हतं.

माझ्या पुतण्याच्या ट्रॅक्टरमुळं ते पाहायची वेळ आली. जुना घेतलेला, एमएच ३८ पासिंगचा ट्रॅक्टर. मागचं टायर १३.६-२८ मापाचं, म्हणजे रुंदी १३.६ इंच आणि रिंगचा व्यास २८ इंच. आमच्याकडं याला ‘तेरा-सहा’ म्हणतात. पुतण्याची शेती हळदीची आणि सोयाबीनची, वर उसाच्या ट्रॉलीचं भाडं. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसात तीच माती पाणी पिऊन फुगते, पायाला किलोकिलोनं चिकटते. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचं पाणी सुटल्यावर शेतातून ट्रॅक्टर काढायचा म्हणजे चाक जागच्या जागी फिरायला लागतं. पुतण्यानं ठरवलं की सरळ ‘सोळा-नऊ’ टायर टाकायचं. कुणाकडं तरी वापरलेली जोडी होती, तिचा सौदाही जवळजवळ झाला होता.

सोळा-नऊ म्हणजे टायर सव्वातीन इंचांहून जास्त रुंद. दोन्ही अंगांना दीड-पावणेदोन इंच वाढतात आणि टायरचा माथा साधारण अडीच इंच वर येतो. त्यातून हळदीच्या गादीवाफ्यांमधून जाता यावं म्हणून पुतण्यानं चाकं आतल्या बाजूला घेतलेली होती. टायर मडगार्डच्या आतल्या उभ्या पत्र्याला लागणार हे उघड होतं. त्याचा उपायही त्यानं ठरवून टाकला होता. तो पत्रा कटरनं कापायचा. अर्ध्या तासाचं काम. खडूनं त्यानं त्यावर रेघही मारली होती.

मी त्याच्यासोबत दुकानात गेलो ते त्याला आणि मिस्त्रीला अडवायला. कलम ५२ डोक्यात तयार होतं.

मिस्त्रीनं कटर हातात घेतलं नाही. आधी ट्रॅक्टर सपाट जागी लावायला सांगितला. मग टायर आणि पत्रा यांच्यामध्ये हाताची मूठ घातली आणि ती मूठ वरून खालपर्यंत फिरवत नेली. एका ठिकाणी मूठ अडली. तिथं त्यानं खूण केली. मी विचारलं, हे कशासाठी? तो म्हणाला, “गुरुजी, टायरला जागा आहे का ते नाही बघायलो. चिखलाला जागा आहे का ते बघायलोय. रिकामं टायर कुठंबी फिरतंय. काळी माती भरली की मूठभर तरी अंतर पाहिजे, नाहीतर गारा दाबून दाबून पत्राच फाटतो.”

मी जे वाचलं होतं त्यात हे कुठंच नव्हतं. ट्रॅक्टरच्या मागच्या धुऱ्याला पाटे नसतात. चाक आणि मडगार्ड एकाच हौसिंगला धरलेली, त्यामुळं जीपसारखं चाक वरखाली होत नाही. इथलं अंतर ठरवते ती आमची माती. हे त्याला सांगावं लागलं नव्हतं.

मग त्यानं पुतण्याला विचारलं, “पुस्तक आणलंय का?” कंपनीचं पुस्तक. पुतण्यानं डब्यातून काढून दिलं. त्या मॉडेलला कंपनी तेरा-सहा आणि चौदा-नऊ अशी दोन मापं देते, असं त्यात छापलेलं होतं. सोळा-नऊ नव्हतं. मिस्त्री म्हणाला, “सोळा-नऊनं पकड वाढंल, पण चाक मोठं झालं की ओढ कमी होती. गिअर तेच, इंजिन तेच. ट्रॉली घेऊन चढाला अडशील आणि ब्रेकवर बी लोड येईल. चौदा-नऊ टाक.” नियमाचं पुस्तक घेऊन मी आलो होतो. पण गाडीचं पुस्तक मागायचं मला सुचलं नव्हतं. ते त्यानं मागितलं.

तरीही मी पूर्ण वाकलो नव्हतो. चौदा-नऊला तरी पत्रा कापावा लागणारच ना, असं मी म्हणालो. आवाजात थोडा टोमणा असावा. मिस्त्रीनं उत्तर दिलं नाही. म्हणाला, “गुरुजी, जरा वर बसा.”

मी चालकाच्या सीटवर बसलो.

“हात मोकळा सोडा. डावा.”

मी हात सोडला. तो आपोआप मडगार्डवर येऊन टेकला. मनगट बरोबर पुतण्यानं मारलेल्या खडूच्या रेघेवर होतं. खांद्यावरच्या रुमालाचं टोक पत्र्याच्या कडेवरून पलीकडं टायरच्या नक्षीकडं लोंबत होतं. मिस्त्रीनं ते टोक बोटानं उचललं आणि पुन्हा सोडलं. “हा पत्रा हाय तवर रुमाल इथं अडतो. पत्रा कापला की पहिला रुमाल जाईल. मग हात.”

त्यानं आणखी काही सांगितलं नाही. मी वरूनच खाली बघितलं. टायरच्या उभ्या जाड नक्ष्या मनगटापासून वीतभर अंतरावर होत्या. त्या एकदा फिरायला लागल्या की कुणासाठी थांबत नाहीत. पुतण्याही बघत होता. त्या रेघेकडं आम्ही दोघांनी आतापर्यंत पत्र्याची रेघ म्हणून पाहिलं होतं.

त्यानंतर मी जे बोललो ते मला अजून सलतं. खाली उतरताना मी म्हणालो, “मग वर एखादा पाइप तरी मारून द्या, मडगार्डवर बसल्यावर धरायला.” गावाकडून बाजाराला येताना मी त्याच मडगार्डवर बसायचो. लग्नाला, अंत्यविधीला, शाळेलासुद्धा. आमच्याकडं सगळेच बसतात. चालकाच्या डाव्या-उजव्या अंगाला दोघं आणि मागं एक उभा.

मिस्त्री म्हणाला, “ते काम मी करत नाही. पाइप लावला की माणूस बसणारच.”

तेवढं एकच वाक्य. आवाज चढवला नाही, मला शिकवायचाही आव आणला नाही. त्याला ते काम नको होतं, बस्स. मला मात्र तिथंच काहीतरी मोडल्यासारखं झालं. मी कलम सांगायला आलो होतो आणि त्याच्यासमोर त्या कलमापेक्षा जास्त धोक्याची मागणी मीच केली होती. रस्त्यावर चालवताना ट्रॅक्टरवर चालकाशिवाय दुसऱ्या कुणाला बसवायचं नाही, हा नियम १९८९ च्या रस्ता नियमावलीपासून चालत आला आहे. तो मला माहीत नव्हता असं मी म्हणू शकत नाही. तो मला सोयीचा नव्हता, एवढंच खरं आहे. कायद्यातलं मला हवं तेवढंच मी पाठ केलं होतं.

चौदा-नऊ टायर घालायचं ठरलं. पुढचं काम मी उभं राहून पाहिलं. घाई नव्हती, पण थांबणंही नव्हतं. आधी मागच्या चाकांच्या रिंगा उलटवून चाकं बाहेरच्या अंगाला घेतली. त्यामुळं आतल्या उभ्या पत्र्यापासून टायर लांब गेलं आणि तो पत्रा कापायची गरजच उरली नाही. गादीवाफ्याचं अंतर पुढच्या लागवडीला थोडं बदलावं लागेल, हे त्यानं पुतण्याला आधीच सांगितलं आणि पुतण्यानं ते मान्य केलं. माथ्याची जागा मात्र करायची होती. त्यासाठी मडगार्डचा वरचा पत्रा जिथं उभ्या पत्र्याला जोडलेला असतो, तिथून तो सोडवला आणि मध्ये नवी पट्टी घालून वर उचलला. मडगार्ड लहान झालं नाही, उंच झालं.

वेल्डिंगला हात घालण्याआधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढल्या, नाहीतर अल्टरनेटर जळू शकतो. अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावला, म्हणजे करंट बेअरिंगमधून फिरून जात नाही. डिझेलच्या टाकीवर ओलं पोतं टाकलं. पत्रा पातळ, म्हणून बारीक रॉड घेतला आणि एका दमात रेघ न ओढता लांब लांब टाके मारले. एक टाका इकडं, पुढचा पार तिकडं. उष्णता एका जागी साचली की पत्रा वाकतो आणि त्याला लाटा येतात. मधल्या वेळात तो हातोड्यानं हलके ठोके देत होता. कडेला सळई वाकवून जोडली, म्हणजे धार राहणार नाही आणि पत्रा थरथरणार नाही. मग ग्राइंडर, मग लाल ऑक्साइडचा हात. शेवटी पुन्हा तीच मूठ, वरून खालपर्यंत, कुठंही न अडता.

याला मी आजवर ‘दोन टाके मारणं’ म्हणत आलो होतो.

घरी आल्यावर माझ्या मनात मडगार्डपेक्षा तो नकार जास्त घोळत राहिला. त्यानं पाइप लावून दिला असता तर मी पैसे दिले असते, आभार मानले असते आणि वर बसून गावाला गेलो असतो. गिऱ्हाईक मी, वयानं मोठा, गुरुजी. अशा माणसाला नाही म्हणणं आमच्या बाजारात सोपं नसतं. पोराला, बापाला, बहिणीला मडगार्डवर बसवून नेणाऱ्या चालकाला मीही कधी नाही म्हणालो नव्हतो. शाळेतली मुलं ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून यायची आणि मी त्यांची हजेरी घ्यायचो. वेळेवर आली म्हणून समाधान मानायचो. नियमावर इतकं बोललेल्या माझ्या तोंडून त्या मुलांबद्दल एक शब्दही कधी निघाला नाही. यासाठी मला स्वतःला माफ करता येत नाही.

४ एप्रिल २०२५ ला आमच्या शेजारच्या वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या मजूर बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून कामाला निघाल्या होत्या. नांदेड तालुक्यातल्या आलेगाव शिवारात ट्रॅक्टर विहिरीत गेला आणि सातजणी दगावल्या. त्या मडगार्डवर नव्हत्या, ट्रॉलीत होत्या. ती घटना वेगळी. पण आमच्या भागात ट्रॅक्टर हेच माणसांचं वाहन आहे, हे त्या सकाळी सगळ्यांना दिसलं. रोजगारासाठी जाणाऱ्या बाईला बस नाही, जीपचं भाडं परवडत नाही, म्हणून ती ट्रॅक्टरवर चढते. तिला दोष देण्याची माझी तयारी नाही. पण ज्याच्या हातात ट्रॅक्टर आहे, ज्याच्या हातात वेल्डिंगचं हँडल आहे आणि माझ्यासारख्या ज्याच्या शब्दाला गावात मान आहे, त्यांनी तरी चाक आणि माणूस यांच्यामधलं अंतर कमी होऊ देऊ नये.

माझं मत बदललं म्हणजे नेमकं काय बदललं, हेही सांगायला हवं. रस्त्यावर मिरवण्यासाठी चाकं बाहेर काढून पत्रे उडवलेल्या गाड्या मला आजही पसंत नाहीत. नोंदणीपत्रात आणि कंपनीच्या पुस्तकात न बसणारा बदल करू नये, हेही मी म्हणतोच. कलम ५२ बद्दल माझी तक्रार नाही. बदलली ती माझी एक समजूत. ज्ञान कंपनीच्या गेटच्या आतच असतं आणि गेटबाहेर फक्त मोडतोड होते, ही ती समजूत. ट्रॅक्टरला रबरी टायर लावून विकायला सुरुवात झाली ती १९३२ मध्ये, अमेरिकेत. स्वीडननं नव्या ट्रॅक्टरवर चालकाभोवतीची संरक्षक चौकट १९५९ मध्ये सक्तीची केली आणि ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू तिथं खूप घटले. यंत्र सुधारलं ते कारखान्यात, हे खरं. पण ती चौकट आली कारण शेतात चिरडून मेलेल्या माणसांकडं कुणीतरी नीट पाहिलं. आमच्या मातीत ट्रॅक्टर कसा वागतो आणि माणूस त्यावर हात कुठं ठेवतो, हे पाहणारा माणूस आमच्याकडंही आहे. तो बाजारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसतो, आणि इतकी वर्षं मी त्याच्याकडं आठी घालून पाहत होतो.

म्हणून आता माझं मागणं वेगळं आहे. आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा कोर्स असतो. जोड कसा करायचा ते मुलं तिथं शिकतात. कोणता जोड करायला नकार द्यायचा, हेही त्यांना शिकवायला हवं, आणि ते शिकवायला बाजारातल्या जुन्या मिस्त्र्यांना बोलवायला हवं. आरटीओनं दंडाची पावती फाडण्याआधी, लागवडीच्या तोंडाशी, बाजाराच्या दिवशी इथं येऊन मडगार्ड, ब्रेक आणि ट्रॉलीच्या जोडण्या तपासून द्याव्यात. टायरचं माप बदलायचं असेल तर कंपनीचं कोणतं माप चालतं आणि कोणतं नाही, हे शेतकऱ्याला मराठीत आणि सोप्या शब्दांत समजावं. एवढं झालं तर कायदा आणि मिस्त्री एकाच बाजूला उभे राहतील. ते आजही एकाच बाजूला आहेत, मला दिसत नव्हते.

आणि माझ्यापुरतं म्हणाल तर मी आता मडगार्डवर बसत नाही. कुणी आग्रह केला तर पायी जातो नाहीतर जीपची वाट पाहतो, आणि का बसत नाही ते चालकाला तोंडावर सांगतो. काहींना राग येतो. काही जण दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच पोरं बसवून जाताना दिसतात. त्यांना थांबवायला मी हात करतो, आणि यापुढंही करत राहीन.